दोनशे फुटांखाली

भोंगा कुबड्या टेकत आली तेव्हा मी नवऱ्याचं कपाट आवरत होते. आवरत होते कसली, युनिफॉर्मचे शर्ट पलंगावर काढायचे आणि पुन्हा तसेच आत ठेवायचे, हाच उद्योग दीड महिना चालला होता.

भोंगा हे नाव मीच ठेवलेलं. मी वैमानिकांना सिम्युलेटरवर शिकवते. जमिनीवरची खोली, खोटे ढग आणि पोरांचा खरा घाम. ही पोरगी उंचीचे आकडे असे ओरडायची की बाहेर डुलक्या काढणारा शिपाई दचकून उभा राहायचा. अपघाताच्या दिवशी तीच माझ्या नवऱ्याशेजारी सहवैमानिक म्हणून बसली होती.

"बस," मी म्हटलं. "पाणी देऊ?"

"नको मॅडम. उद्या चौकशी समितीपुढे माझी साक्ष आहे. त्याआधी तुमच्या कानावर घालावं म्हणून आले."

काय झालं ते एव्हाना सगळ्यांना पाठ होतं. ढग जमिनीला टेकलेले, वर पाऊस. अशा हवेत डोळे कामाचे नसतात, समोरच्या यंत्रांच्या काट्यांच्या भरवशावर खाली यायचं. दोनशे फुटांवर धावपट्टीचे दिवे दिसले तर उतरायचं, नाही तर मुकाट्यानं पुन्हा वर जायचं. त्याला 'गो अराउंड' म्हणतात. कॅप्टन वर जात नसेल तर हे दोन शब्द शेजारच्यानं ओरडायचे, मग कॅप्टन कितीही मोठा असो. माझ्या नवऱ्याला एक दिवा दिसला आणि तो खाली गेला. दिवा हमरस्त्यावरचा होता. धावपट्टीच्या अलीकडच्या टेकाडावर विमान आपटलं. नवरा गेला, सात प्रवासी गेले. विमानातल्या आवाजाच्या रेकॉर्डरवर दोनशे फुटांनंतर नऊ सेकंद नुसता वायपरचा आवाज आहे.

"मी सांगणार आहे की काट्यांवर नजर ठेवणं माझं काम होतं, मी चुकले," ती म्हणाली. "सरांवर काही येऊ देणार नाही."

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं आलं ते, सुटले बाई! माझा मुलगा रोज विचारतो, "आई, बाबांची चूक नव्हती ना?" आणि मी रोज स्वयंपाकघरात पळते. आता त्याला उत्तर मिळणार होतं. लाज वाटते सांगायला, पण आलं मनात.

"आणि तुझं लायसन्स?"

"जाईल."

"घरी बोललीस?"

"आईला वाटतंय, पाय बरा झाला की मी परत उडणार."

माझं डोकंच फिरलं. "मग तेव्हा का नाही तोंड उघडलंस? एरवी कान किटवायचीस! घसा फोडून शिकवलं तुला मी! दोन शब्द होते गं, दोन! नऊ सेकंदांत माणूस नाव-गाव-पत्ता सांगतो!"

ती रडली नाही. तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. तेवढ्यानं मला कळलं, ती काय सांगायचं टाळतेय ते. माझं सगळं अवसान गळालं.

मागच्या वर्षी तिची परीक्षा होती. कॅप्टनच्या खुर्चीत बसायला कुणी नव्हतं म्हणून माझा नवरा आला. मी दाट धुकं लावलं. दोनशे फुटांवर काही दिसत नव्हतं, तरी हा पठ्ठ्या खाली निघाला. भोंगा ओरडली, "गो अराउंड!" अगदी वेळेवर. त्यानं विमान वर घेतलं, पण बाहेर आल्यावर पाच-सहा जणांदेखत म्हणाला, "बाईसाहेब, कानठळ्या बसल्या माझ्या! वीस वर्षं काय गवत उपटलं मी? पुढच्या वेळी विचारल्याशिवाय बोलायचं नाही." सगळे हसले. पोरीनं माझ्याकडे बघितलं, कारण परीक्षक मी होते. मीही हसले. आणि शेऱ्यात लिहिलं, 'वरिष्ठांबरोबर काम करताना थोडी सबुरी हवी.'

"तुला आठवतंय तो शेरा," मी म्हटलं.

"मॅडम, ते मी कुणापाशी काढणार नाही. शप्पथ."

म्हणजे ही पोर मलाही वाचवायला आली होती. मी त्या शर्टांवरच बसले आणि नवरा गेला त्या दिवशी रडले नव्हते तशी रडले. तीच बिचारी मोडक्या पायानं उठून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी मुलगा हट्टानं माझ्याबरोबर आला. बाबांचं नाव साफ होताना त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. आदल्या संध्याकाळी त्याला सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा जेवायला वाढलं. समितीला मी विनंती केली, भोंग्याच्या आधी मला बोलू द्या. परीक्षेची फाईल पुढे ठेवली, माझा शेरा मोठ्यानं वाचून दाखवला आणि त्या दिवशी काय झालं ते सगळं सांगितलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "तिनं बरोबर केलं, हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"आणि कॅप्टननी चूक केली, हेही?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"नवरा होता," मी म्हटलं. "दोघांना एकाच गाडीतून घरी जायचं होतं."

लिहिणाऱ्याचा हात थांबला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वळून न बघताही कळलं, माझा मुलगा उठून बाहेर चालला होता.

"थोडं थांबू या का?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

"नको," मी म्हटलं. "लिहा तुम्ही. अजून सांगायचंय."