सहदेवचा बिबट

नाल्याच्या ओल्या रेतीभोवती अर्धं गाव जमलं होतं आणि सहदेव येताच गर्दी आपोआप दुभंगली. "सरका, भाऊले पाहू द्या," कोणीतरी म्हणालं. सहदेव ठशाजवळ उकिडवा बसला. त्याने घाई केली नाही. ठशाशेजारी वीत लावली, बोटाने रेतीची कड हळूच दाबून पाहिली, मग उठून दहा पावलं पुढे गेला आणि तिथून मागे वळून सगळी रांग एका नजरेत घेतली.

"बिबट हाय," तो म्हणाला. "नर. तीन-चार वर्साचा असंल. हा रुंद पंजा पुढच्या पायाचा, हा लांबट मागच्याचा. नखं आत घेऊन चालते, म्हणून नखं उमटली नाईत."

बायांनी लेकरं जवळ ओढली. नवा वनरक्षक गजेंद्र मोबाइलमध्ये फोटो काढत होता. त्याने वाकून विचारलं, "काका, कधी गेला असंल?"

"पहाटे. कडा अजून सुकल्या नाईत."

एवढं मात्र खरं होतं. त्या पहाटे साडेपाचला नाल्यातून जो गेला तो सहदेव स्वतःच होता, पायांत रबरी पंज्यांच्या चपला घालून.

पातूरच्या डोंगराला लागून असलेल्या खापरखेडीत सहदेवची ओळख एकच होती. त्याला पाऊल वाचता येत होतं. एकतीस वर्षं तो जंगलखात्यात वनमजूर होता. शाळा चौथीपर्यंत, पण रेतीतला ठसा पाहून अस्वल कोणत्या बाजूला वळलं, तडस लंगडत होतं की धडधाकट होतं, हे तो सांगायचा. प्राण्यांची गणती ठशांवरून होत असे तेव्हा ठशावर काच ठेवून तिच्यावर पंजा उतरवायचं काम साहेब दुसऱ्या कोणाला देत नसत. अमरावतीहून आलेल्या एका मोठ्या साहेबाने सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. पुढे झाडांना कॅमेरे आले. शेवटची वर्षं सहदेवने ते कॅमेरे बांधण्यात आणि सोडण्यात काढली आणि एक दिवस नारळ-शाल घेऊन तो घरी आला.

घरी बसल्यावर कळलं की कोणालाच आता त्याला काही विचारायचं नाही. पोरगा पुण्याला कंपनीत. घरात तो आणि दुर्गाबाई. चहाच्या टपरीवर तो अस्वलाची गोष्ट सुरू करायचा, तर ऐकणारे मोबाइलवर बोट सरकवत हुंकार द्यायचे. एकदा तळ्याच्या काठी तडसाचे ठसे दिसले म्हणून तो मुद्दाम गजेंद्रच्या खोलीवर सांगायला गेला. गजेंद्र भला पोरगा. त्याने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "असू द्या काका. कॅमेऱ्यात येईनच ते." त्या एका वाक्याने सहदेवच्या मनात जे काही मोडलं, ते त्याने दुर्गाबाईलाही सांगितलं नाही.

दिवाळीनंतर त्याने पातूरच्या पंक्चरवाल्याकडून जाड टायरचा तुकडा आणला. गोठ्यात बसून आठ दिवस रापीने तो कोरत राहिला. नमुना समोर नव्हता. सगळं बोटांत होतं. प्रत्येक चपलेखाली पुढे पुढच्या पायाचा पंजा, टाचेशी मागच्याचा. मधली गादी, तिच्या मागच्या कडेचे तीन उंचवटे, चार बोटं, त्यांतलं एक किंचित पुढे. चिकटवून झाल्यावर गोठ्यातल्या राखेत पाऊल उमटवून पाहिलं आणि स्वतःच्याच कसबाने त्याचा ऊर भरून आला. गंमत करू, संध्याकाळी सगळ्यांना सांगून हसू, असं म्हणून तो पहिल्या पहाटे नाल्यात उतरला होता.

पण त्या संध्याकाळी त्याने काही सांगितलं नाही. दिवसभर लोक घरी येत होते. कुंपण करायचं का, बकऱ्या कुठे न्यायच्या, बिबट फटाक्यांना भितो का? दुर्गाबाईने तीनदा चहा टाकला. महिनाभरात ते ठसे आणखी चारदा उमटले.

गावातल्या मनकर्णाने आणि तिच्या सोबतच्या बायांनी चुलीसाठी डोंगरातून काड्या आणणं बंद केलं, तेव्हा सहदेवला पहिल्यांदा टोचलं. पण होतील थोड्या दिवसांत धीट, असं म्हणून त्याने ते मनाआड केलं. मग एका रविवारी धर्मपाल घरी आला.

धर्मपाल गवंडी होता. त्याची दीक्षा दहावीला होती आणि पातूरच्या शाळेत जात होती. शाळा सकाळची, आणि एस.टी. यायची दहाला. त्यामुळे पोरगी नाल्याच्या वाटेने तीन किलोमीटर पायी जायची. सोबतच्या दोघींनी नववीतच शाळा सोडली होती.

धर्मपाल ओसरीवर बसला, पण चहाला हात लावला नाही. "भाऊ, तुमीच सांगा," तो म्हणाला. "पोरीले धाडू का नोको?"

सहदेवच्या ओठांवर आलं होतं, धाड रे बापा, काही नाही तिथे. पण मग नर, तीन-चार वर्षांचा, हे कोणी सांगितलं होतं? तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "बाप म्हणून तुमचं मन काय म्हणते थे करा."

"माह्या मनाले जंगलातलं काय समजते? माहं मन तुमच्या बोलण्यावर हाय."

"मंग थोडे दिवस नोका धाडू," सहदेव म्हणाला.

धर्मपालने मान हलवली, थंड झालेला चहा एका घोटात घेतला आणि आभार मानून गेला. त्या आभारांनी सहदेव रात्रभर तळमळला. दुसऱ्या दिवशीपासून त्या चपला त्याने पायात घातल्या नाहीत. पण ठसे थांबले म्हणून भीती थांबली नाही. बिबट आता दबा धरून असेल, असं लोक म्हणू लागले. पंधरा दिवसांनी कळलं, दीक्षाला अकोल्याला मावशीकडे पाठवलं. मावशी बाळंत झाली होती. घरी बसण्यापेक्षा हाताखाली मदत होईल.

डोळे दाखवायचे म्हणून सांगून सहदेव अकोल्याला गेला. रेल्वेलाइनीपलीकडच्या वस्तीत विचारत विचारत घर सापडलं. दीक्षा दारातल्या नळावर बाळाची दुपटी पिळत होती. त्याला पाहून ती एवढी हरखली की त्याला पाऊल मागे घ्यावंसं वाटलं. तिने हात पुसून चहा केला. खिडकीत तिची पुस्तकं एकावर एक नीट लावलेली होती, वर बाळाची तेलाची बाटली. शाळेतल्या सराव परीक्षेचे तीन पेपर होऊन गेले, असं तिने सांगितलं. तक्रार अशी केली नाही. मग कप घेताना हळूच म्हणाली, "काका, बिबट गेला का जी? गेला असंल त बाबांले सांगा ना. तुमचंच आयकते थे."

"पाहतो," सहदेव म्हणाला. त्याला तिच्याकडे पाहता आलं नाही. बसस्टँडवर त्याने पातूरच्या दोन गाड्या डोळ्यांसमोरून जाऊ दिल्या. घरी जाऊन तोंड कसं दाखवावं, हेच त्याला समजत नव्हतं. डोळ्यांचं काय निघालं, असं दुर्गाबाई विचारणार होती.

तिने विचारलं आणि त्याने सगळं सांगून टाकलं. दुर्गाबाई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मले ठाव होतं," ती म्हणाली. "गोठ्यातला रबराचा चुरा मीच झाडला."

"मंग बोलली काहून नाई?"

दुर्गाबाईने आणखी एक देठ खुडला. "लोकं बोलवाले येत होते तुमाले. लय दिवसांनी पोटभर जेवत होते तुमी," ती म्हणाली. मग भाजीचं ताट बाजूला सारून तिने पदराने डोळे टिपले. "पोरीचं मले आधी समजाले पाह्यजे होतं. आता उठा. उद्यावर नोका टाकू."

सहदेव चपला पिशवीत घालून धर्मपालच्या घरी गेला. वाटेत गजेंद्रलाही त्याने हाक मारून सोबत घेतलं. हे दुसऱ्यांदा सांगायचं बळ अंगात नव्हतं. धर्मपाल नुकताच कामावरून आला होता. त्याच्या हातांवर सिमेंट तसंच होतं. सहदेवने पिशवी ओट्यावर रिकामी केली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. का केलं, तेही. ते सांगताना त्याला वाटलं, हे कारण मोठ्याने बोलण्यापेक्षा चोरी कबूल करणं सोपं गेलं असतं.

गजेंद्रने एक चप्पल उचलली, अंगणातल्या ओल्या मातीवर दाबली आणि मोबाइलमधला फोटो शेजारी धरला. "हुबेहूब हाय काका," तो नकळत बोलून गेला. मग त्याने मान खाली घातली. आयुष्यभर ज्या शाबासकीसाठी सहदेव आसुसला होता, ती अशी मिळाली आणि त्याला जमीन दुभंगावी असं झालं.

धर्मपालची बायको शालू दारात उभी होती. ती वळून आत गेली. धर्मपाल ओरडला असता, अंगावर आला असता, तर बरं झालं असतं. तो हातावरचं सिमेंट खरवडत राहिला.

"मी दुसऱ्या कोनाले इचारलं नाई," शेवटी तो म्हणाला. "सरपंचाले नाई, गार्डले नाई. तुमाले इचारलं."

"हाव," सहदेव म्हणाला.

"सकाळी अकोल्याले जाऊन आणतो तिले. शाळेत तुमी सोडायचं. रोज. आन तिले काहून सोडून राहिले, थे तुमीच सांगायचं. मी नाई सांगणार."

तिसऱ्या दिवशी नाल्याजवळ सहदेवने दीक्षाला सांगितलं. ती थांबून ऐकत होती. सांगून झाल्यावर तिने दप्तराचा पट्टा खांद्यावर सारखा केला आणि चालू लागली. तेव्हापासून ती पुढे आणि वीस पावलं मागे सहदेव, असे ते रोज जाऊ लागले. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. शाळा सुटेपर्यंत तो फाटकाबाहेर बसायचा.

गावाला कळायचं ते कळलं. गजेंद्रने जबाब लिहून घेतला, सहदेवने खाली सही केली. बाया पुन्हा डोंगरात जाऊ लागल्या. मनकर्णाने वाटेत दिसल्यावर तोंड फिरवलं. टपरीवर तो आला की बोलणं थांबायचं, म्हणून त्याने टपरी सोडली. फेब्रुवारीत तळ्याकडे कसलेसे ठसे दिसले, तेव्हा लोकांनी गजेंद्रला फोन केला. सहदेव त्याच वेळी तिथून, दीक्षाच्या मागे, जात होता. गर्दीतल्या कोणीही त्याला हाक मारली नाही. त्यानेही तिकडे पाहिलं नाही.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा आली. पातूरच्या केंद्राबाहेर कडुनिंबाखाली आई-बाप बसलेले असायचे. सहदेव जरा दूर, उन्हातच बसायचा. शेवटच्या पेपरला एका बाईने सरकून त्याला सावलीत जागा दिली आणि आपुलकीने विचारलं, आत नात आहे का?

"नाई," सहदेव म्हणाला. "माही कोनी नाई. मी निस्ता सोबत येतो."

घंटा झाली. पोरी घोळक्याने बाहेर आल्या. दीक्षा मैत्रिणींशी कुठल्याशा प्रश्नाबद्दल बोलत होती आणि हसत होती. सहदेव उठून नेहमीसारखा मागे राहिला. पण ती घोळक्यातून निघून सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"मी आज पुढच्या गावच्या मैत्रिणींसंग एस.टी.नं येतो," ती म्हणाली. "आता शाळा संपली. उद्यापासून यायचं काम नाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. दुसरंही काही नव्हतं. "बरं," सहदेव म्हणाला. पेपर कसा गेला, हे विचारायचा आपला हक्क नाही, असं त्याला वाटलं. ती वळून स्टँडकडे गेली.

घोळका दिसेनासा होईपर्यंत तो उभा राहिला. मग डोंगराच्या वाटेला लागला. ऊन चढलं होतं, वाट मोकळी होती. पुढे कोणी चालत नव्हतं, आणि किती वेगाने चालावं, हे त्याला बराच वेळ सुचलं नाही.