कापशीचं ओलं पोट आणि माझी ताटली

मित्रांनो, मी एक जुनी चहाची पेटी आहे. परळच्या एका चाळीत माळ्यावर पडून असते. झाकणाची काच तडकली आहे, आणि आत एक जस्ताची ताटली अजून तशीच आहे. माझ्यात चहा होता तो काळ मला फारसा आठवत नाही. आठवते ती एक कोंबडी. तिच्यावर मी इतकी जळले, की आजही तिचं नाव घेताना माझ्या बिजागऱ्या करकरतात.

तिचं नाव कापशी. माझ्या मालकांचा, बाबुरावांचा मेहुणा बोटीवर खलाशी होता. त्याने कुठल्याशा बंदरातून ती आणि एक कोंबडा अशी जोडी आणली होती. अंगावर पिसं अशी नाहीतच, नुसता पिंजलेला कापूस. आत कातडी मात्र काळी, आणि पायाला पाच बोटं. सगळी चाळ तिला बघायला यायची. त्या थंडीत मानमोडीचा रोग आला आणि कोंबडा गेला. मागे राहिली कापशीची नऊ अंडी. ती फुटली नाहीत तर ही जात घरातून संपलीच. बाबुरावांच्या बायकोला, बकुळाबाईंना, दुसरं काही सुचत नव्हतं.

"नऊच्या नऊ मावतील हिच्याखाली," त्या म्हणाल्या.

"आणि मधेच उठली तर?" असं म्हणून बाबुरावांनी माझी, रिकाम्या चहाच्या पेटीची, अंडी उबवायची पेटी केली. आत बल्ब बसवला, उष्णता बघायला थर्मामीटर टांगला, तळाशी पाण्याची ताटली ठेवली. पाच अंडी मला मिळाली, चार तिला. मी मनात म्हटलं, बघा, जास्त भरवसा कोणावर आहे.

पण कौतुक तिचंच. "गरीब जीव, खाणंपिणं सोडून बसलीय हो," शेजारच्या कमलाबाई म्हणायच्या. मी तरी कुठे काय खात होते? मला कोणी गरीब म्हटलं नाही.

बाबुराव गिरणीत सूत कातायच्या खात्यात होते. तिथे हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून दिवसभर हवेत पाणी फवारतात. ओलावा असला की सगळं नीट, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी पहिल्या दिवसापासून माझी ताटली काठोकाठ भरली. माझी काच आतून घामेजली. मला वाटलं, लाड चाललेत माझे.

जानेवारी छप्पनचा तो महिना. संयुक्त महाराष्ट्रासाठी परळ-लालबाग पेटलं होतं. गिरण्या बंद, रस्त्यावर करफ्यू, बाबुराव घरात अडकलेले. अकराव्या दिवशी बकुळाबाईंनी कापशीचं एक अंडं आणि माझं एक अंडं शेजारी शेजारी दिव्यासमोर धरलं. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची एक पोकळी दिसते. आतलं पाणी हळूहळू उडतं आणि ती वाढत जाते. पिल्लू पहिला श्वास तिथेच घेतं. कापशीच्या अंड्यात ती छान वाढली होती. माझ्यात होती तेवढीच.

"अहो, हे सूत नाही. पिल्लं आतल्या आत बुडतील."

 बाबुरावांनी ताटली उपसून कोरडी केली. "आता पाण्याचं नाव काढू नकोस," एवढंच म्हणाले. चूक त्यांची, आणि मापं काढली गेली माझी. तीही तिच्या शेजारी ठेवून. त्या दिवसापासून मी एकच मागणं मागत होते. एकदा तरी उठावं तिने, गार पडावीत तिची अंडी. ती या जातीची शेवटची अंडी आहेत हे मला कळत होतं, तरी मागत होते.

एकोणिसाव्या दिवशी ती उठली. सरळ मोरीत गेली आणि साचलेल्या पाण्यात पोट टेकून बसली. तिचा कापूस पाणी झटकत नाही, शोषून घेतो. तशी निथळत परत आली आणि अंड्यांवर बसली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आता हिचं बिंग फुटणार.

बकुळाबाई तिला हाकलायला धावल्या, आणि मधेच थांबल्या.

"अहो, ही उगाच नाही भिजली. शेवटी शेवटी ओल लागत असणार. कवच फोडताना आतला पापुद्रा वाळला, तर पिल्लू चिकटून बसेल."

"आत्ता तर काढलं पाणी."

"तेव्हा नको होतं. आता हवंय."

त्यांनी माझी ताटली भरली, वर ओलं फडकं ठेवलं आणि झाकण लावलं. कमलाबाई बघायला आल्या आणि त्यांनी झाकणाला हात घातला, तर त्यांना चक्क दाराबाहेर काढलं. झाकण उघडलं की ओल जाते. म्हणजे मला जी अक्कल आली, तीही त्या सटवीच्या ओल्या पोटामुळे.

तिची चारही पिल्लं निघाली. माझी दोन. उरलेली तीन आतच राहिली, त्यांना पहिल्या अकरा दिवसांचं पाणी नडलं. पण ती दोन माझी होती, मित्रांनो. माझ्या काचेखाली वाळली, फुलली. दुसऱ्या दिवशी बकुळाबाईंनी त्यांना उचलून कापशीपुढे ठेवलं. ती तुरुतुरु तिच्या पोटाखाली शिरली. एकानेही मागे पाहिलं नाही. माझा बल्ब काढून घेतला गेला.

जवळजवळ पाच वर्षं मी माळ्यावर होते. महाराष्ट्र झाला त्या वर्षी, दिवाळीनंतरच्या थंडीत, मला खाली उतरवलं. वाटलं, पुन्हा अंडी. पण आत ठेवली ती कापशी. म्हातारी झालेली, थंडीने आखडलेली. बल्ब लागला, ताटलीत तिच्यापुरतं पाणी ओतलं. बकुळाबाई झाकणाशी बसून होत्या, तिच्याकडे बघत. माझ्याकडे नाही.

म्हणून सांगते, अशी पेटी घरी असेल तर आधी पाणी बेतानं द्या, शेवटी भरपूर द्या, आणि काम झालं की निदान पुसून ठेवा.

कापशी माझ्यात तीन दिवस जगली. जळत मी तेव्हाही होते. ऊब मात्र तसूभर कमी केली नाही.