मांदाडला लागलेली झोप

तळा गावात चौतीस साली चारच सायकली होत्या, आणि शिमगा उलटला की त्यांचे चारही मालक दर रविवारी पहाटे एकत्र बाहेर पडत. काम काही नसे, नुसतं फिरायचं. येसाजी लोहार, अंबाजी शिंपी, किराणा दुकानातला रतनशेठ आणि शाळेतले विठोबा मास्तर. कुठं जायचं ते मास्तर ठरवत. वाटेत काही मोडलं तर येसाजी बघून घेई. पावसाळ्यात त्या रस्त्यांचा नुसता रबडा होई, म्हणून फाल्गुन-चैत्र हेच त्यांचे दिवस. स्वतःला ते मंडळ म्हणवून घेत. लोक हसत. "पायानं चाक फिरवत जायाचं नि फिरून घरालाच यायाचं, ह्यात कसलं सुख?" असं म्हणत.

त्या वर्षी मात्र मास्तरांची सायकल ओटीवरच उभी राहिली. कार्तिकात त्यांना विषमज्वर झाला होता. ताप उतरला, पण जाताना छातीतलं बळ घेऊन गेला. माणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, चढउतार नाही, ओझं नाही, सायकल तर मुळीच नाही. जीव वाचला हेच खूप, असं सगळे म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले.

मागं राहिली नलू. मास्तरांची बायको. दिवसा घरातलं, गोठ्यातलं, विहिरीवरचं सगळं तिच्याकडे. सासू आवडाबाई गुडघ्यांनी अधू, बसल्या जागेवरून निवडणं-टिपणं करायची. रात्री मास्तरांना धाप लागे. ते हाक मारत, नलू उठे, त्यांना बसतं करी, पाठीला उशी लावी, पाणी देई. डोळा लागतोय तोवर पुन्हा हाक. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत तिला सलग झोप म्हणून मिळाली नव्हती. आता तिला भूकही कळत नसे. चुलीपुढं बसली की भिंतीला डोकं टेकवावंसं वाटे, आणि टेकवलं की भात लागे.

रविवारी संध्याकाळी मंडळ फिरून आलं की थेट मास्तरांच्या ओटीवर येई. कुठं गेलो, कुठली सावर फुलली, कुणाच्या काजूची बोंडं खाल्ली, असं सांगत बसत. नलू गुळाचा चहा करून देई. ऐकताना मास्तरांच्या तोंडावर हसू असे. मंडळी उठली की ते भिंतीकडे तोंड करून पडत आणि त्या रात्री हाका जास्त येत.

अशाच एका शनिवारी ते नलूला म्हणाले, "उद्या माझी सायकल घेऊन तू जा."

"कुठं?"

"मंडळाबरोबर. मांदाडला जाऊन पुढं कुड्याची लेणी बघायची. मी येसाजीशी बोललोय."

नलूला सायकल येत होती. दोन वर्षांमागं भात झोडून झाल्यावर मागच्या खळ्यावर मास्तरांनीच तिला शिकवली होती. नऊवारीचा काष्टा असल्यामुळं मधल्या दांडीची अडचण झाली नव्हती. तेव्हा ती हसत होती, पडत होती, पुन्हा बसत होती. ते सगळं आता तिला दुसऱ्याच कुणा बाईचं वाटलं.

"माझ्यानं नाही होणार," ती म्हणाली. "अंगात त्राण नाही."

"तू बघून आलीस की मला नीट सांगशील. हे तिघं धड सांगत नाहीत. रतन तर काय खाल्लं तेवढंच सांगतो."

म्हणजे हेही त्यांच्यासाठीच करायचं होतं.

आवडाबाई आतून म्हणाली, "बाईमानसानं बाप्यांसंगती सायकलवर जायाचं? लोक काय म्हनतील?"

"लोक माझ्या उशाशी बसायला येत नाहीत, आई," मास्तर म्हणाले.

थोड्या वेळानं आवडाबाईनंच भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

पहाटे गाव उठायच्या आत ते निघाले. येसाजी पुढं, मग नलू, मागं अंबाजी आणि रतनशेठ. येसाजीचं वय तिच्या वडलांएवढं, तो आपलं अंतर राखून चालवत होता आणि खड्डा आला की नुसता हात वर करून दाखवत होता. शेतांतून पालापाचोळ्याचा राब भाजल्याचा धूर जमिनीलगत पसरला होता. उतारावर थंड वारा तोंडाला लागला तेव्हा नलूला वाटलं, आता बरं वाटायला हवं. ते झालं नाही. पाय फिरत होते, डोळ्यांपुढून पांगारे जात होते, आणि ती सगळं पाठ करत होती. घरी जाऊन सांगायचं होतं. इथं पांगारा, इथं ओढ्याला अजून पाणी, इथं कैऱ्या धरल्यात.

मांदाडला खाडीच्या काठी ते पाण्यासाठी थांबले. भरती लागत होती. मचव्यातून माणसं उतरत होती. एका करंजाखाली सोनाबाई नावाची म्हातारी कोळीण सुकटीची पाटी घेऊन बसली होती. नलूनं सायकल झाडाला टेकवली, तोंडावर पाणी मारलं आणि करंजाच्या बुंध्याला पाठ लावून घटकाभर बसली.

अंबाजी पाणी भरून आला तेव्हा तिची मान कलली होती.

"वैनी," त्यानं हाक मारली.

ती हलली नाही. अंबाजी घाबरला. सोनाबाई हातातलं टाकून आली, नलूच्या नाकाशी बोटं धरली, कपाळाला हात लावला.

"काय झालं न्हाय तिला," ती म्हणाली. "निजलीय. कुनाची ही?"

"मास्तरांची बायको," येसाजी म्हणाला. "घरात आजारी मानूस हाय."

"मंग निजू द्या की."

रतनशेठ कुजबुजला, "थोडा वेळ बसू. भाभी उठल्या की निघू."

ते बसले. ऊन वर आलं. नलू बुंध्यावरून घसरून जमिनीवरच आडवी झाली. सोनाबाईनं आपल्या डोक्यावरची चुंबळ तिच्या डोक्याखाली सरकवली आणि पाटी जवळ ओढून तिच्या उशाशीच बसली. ऊन तापायच्या आत लेणी चढायची तर लगेच निघायला हवं, असं अंबाजी एकदा म्हणाला. येसाजीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. पुन्हा कुणी लेण्यांचं नाव काढलं नाही.

दुपारी सावली सरकली आणि ऊन नलूच्या तोंडावर आलं. तेव्हा येसाजी उठला. त्यानं चारही सायकली आणून तिच्या बाजूला ओळीनं उभ्या केल्या, आपलं उपरणं सोडलं आणि हँडलवरून पसरून टाकलं. ते पुरेना म्हणून अंबाजीनं आपलंही दिलं. त्या सावलीत ती निजून राहिली. तिघं जण उन्हातच बसले. भाकऱ्या खाल्ल्या, तिच्या वाटणीच्या बांधून ठेवल्या. मचव्यातून उतरणाऱ्या एकानं मोठ्यानं काही विचारलं, तर सोनाबाईनं तोंडावर बोट ठेवलं. तो माणूस हळूहळू पावलं टाकत निघून गेला.

"माझी बायको गेली, त्याच्या आदी," येसाजी खालच्या आवाजात म्हणाला, "मी असाच जागायचो. सहा म्हयने. कुनी एक दिवस येऊन म्हनलं न्हाय, की तू नीज, मी बसतो."

रतनशेठ पाण्याकडे बघत राहिला. अंबाजीनं गवताची काडी तोडली. आपण दर रविवारी त्या घरी चहा पिऊन येतो, तो कोण करतं, हे तिघांच्याही मनात एकदमच आलं असावं.

नलू उठली तेव्हा ओहोटी लागून खाजणाचा चिखल उघडा पडला होता आणि ऊन पिवळं झालं होतं. कुठं आहोत ते तिला आधी कळेना. मग तिनं सायकली बघितल्या, उपरणी बघितली, आणि तिचं तोंड लाल झालं.

"मला उठवलं का नाही?" ती म्हणाली. "लेणी राहिली. त्यांना मी काय सांगू? एवढं एक सांगितलं होतं त्यांनी, तेही नाही झालं माझ्याच्यानं."

"लेनी कुठं जात न्हाईत, वैनी," येसाजी म्हणाला.

तिला रडू आलं. सोनाबाईनं तिला रडू दिलं, मग भाकरी हातात दिली. नलूनं ती खाल्ली. बऱ्याच दिवसांनी तिला भाकरीची चव लागली. बरोबर सुकट होती, ती सोनाबाईची. पैसे द्यायला रतनशेठनं खिशात हात घातला, तर म्हातारीनं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

येताना चढ होता. नलू उतरून सायकल ढकलत चालू लागली, तसे तिघंही उतरले. झोपेनं अंग हलकं व्हायला हवं होतं, ते उलट जड झालं होतं. इतके दिवस साचलेला थकवा आता कुठं जागा झाला होता. ती दर वळणावर थांबत होती. कुणी घाई केली नाही.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. आवडाबाई दारातच बसली होती. "लय येळ केलास," एवढंच म्हणाली.

मास्तर उशीला टेकून बसले होते. "सांग," ते म्हणाले. "लेणी कशी दिसली?"

वाटेत नलूनं विचार केला होता, की काहीतरी रचून सांगावं. पायऱ्या, खांब, वरून दिसणारी खाडी. मंडळानं तिला पूर्वी सांगितलेलं होतंच. पण ती दमली होती आणि खोटं बोलायलाही बळ लागतं.

"मी बघितलीच नाहीत," ती म्हणाली. "मांदाडला झोपले. दिवसभर. ते तिघं बसून राहिले माझ्यासाठी."

मास्तरांनी विचारलं, "दिवसभर?"

"हो."

"मी रात्री किती वेळा उठवतो तुला?"

"मोजत नाही मी."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं नाही. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि नलूला दिसलं की कार्तिकापासून पहिल्यांदाच ते तिला नीट बघत आहेत. मग ते म्हणाले, "पुढच्या रविवारी पुन्हा जा. नुसती फिरून ये. मला काही सांगू नकोस."

"पुढच्या रविवारी मला कुठं जायचं नाही," नलू म्हणाली. "मला माझ्या घरात निजायचंय."

आवडाबाई दारातून सगळं ऐकत होती. त्या रात्री तिनं आपलं अंथरूण लेकाच्या खोलीत ओढून घेतलं. गुडघे धरून धरून उठली, पण हाकेला तीच उठली. मास्तरांनीही हाका कमी केल्या. पाण्याचा तांब्या त्यांनी हाताशी मागून घेतला.

पुढच्या रविवारी पहाटे दोनच सायकली गावाबाहेर गेल्या. येसाजी आपली सायकल घेऊन मास्तरांच्या ओटीवर आला, ती भिंतीला लावली आणि म्हणाला, "वैनी, तुमी आत जा. आज मी हाय." त्याच्या पुढच्या रविवारी अंबाजी राहिला, मग रतनशेठ. चैत्र असाच गेला. मंडळाचं फिरणं त्यानंतर त्या वर्षी कधी पुरं चौघांचं झालं नाही, तिघांचंही झालं नाही, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मास्तर पाऊस सरल्यावर काठी टेकत शाळेत जाऊ लागले. सायकलवर मात्र ते पुन्हा बसले नाहीत.

त्या पहिल्या रविवारी नलू माजघरात चटई टाकून पडली. ओटीवर येसाजी आणि मास्तर साखळीला कुठलं तेल चांगलं यावरून वाद घालत होते, तेही आवाज खाली ठेवून. करंजाचं की तिळाचं. तिळाचं धूळ धरतं, असं मास्तरांचं म्हणणं होतं. येसाजीला ते पटत नव्हतं. त्यांचा वाद कुठवर गेला ते नलूला कळलं नाही. तिला झोप लागली होती.