व्हर्ना हॉगनची हार

आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणुका व्हर्ना हॉगनने चोवीस वर्षं घेतल्या. त्यातली अकरा वर्षं मी तिच्या हाताखाली होते. त्या वसंतात ती राज्याच्या सचिवपदाला उभी राहिली. राज्यातल्या सगळ्या निवडणुका त्या पदाच्या हाती असतात, आणि तिला ते काम येत होतं. समोर ट्रेंट कोल्बी होता, ट्रक विकणारा. मतमोजणीच्या खोलीत त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. सभा-सभांतून तो एकच सांगे, "यंत्रं मतं चोरतात."

व्हर्नाने जाहिरात दिली, या, यंत्राची चाचणी डोळ्यांनी बघा. तिघं आले. त्यातला एक ग्लेन ओटो. त्याची बायको शेवटच्या आजारात असताना व्हर्ना स्वतः तिची मतपत्रिका घेऊन इस्पितळात गेली होती. शंभर पत्रिका यंत्रात घातल्या, मग हातांनी मोजल्या. आकडा तंतोतंत जुळला.

"आता पटलं?" व्हर्नाने विचारलं.

"तुझ्यावर शंका नाही गं," ग्लेन हातातली टोपी चुरगाळत म्हणाला. "पण आत काय चालतं ते तुला तरी कुठे कळतं?"

व्हर्नाने मोजलेल्या पत्रिका गोळा करून पेटीत ठेवल्या. त्या दिवशी तिने जेवणाचा डबा उघडलाही नाही.

नोव्हेंबरात ती राज्यात हरली. आमच्या काउंटीतही हरली, आणि ज्या गल्लीत ती जन्मापासून राहते तिथेही. दोनशे बारा विरुद्ध एकसष्ट. काउंटीचा निकाल पडताळून त्यावर सही करायची तिनेच. मी म्हटलं, "मी करते ना." ती म्हणाली, "नियमात माझं नाव आहे, लोइस."

सहीच्या सकाळी ग्लेन शिकारीचा परवाना काढायला आमच्याच कचेरीत आला होता. खुशीत होता. "बघ, या खेपेला यंत्र नीट चाललं!"

"यंत्र तेच आहे, ग्लेन."

"मग कोणीतरी डोळ्यांत तेल घालून बसलं असणार."

व्हर्नाने त्याला परवाना दिला, पावती दिली, आणि आत जाऊन दार लावलं. मी दाराशी उभी राहिले. रडण्याचा आवाज आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं.

जानेवारीत तिने राजीनामा दिला. तिची जागा मला देऊ केली, मी घेतली नाही. जाहिरात तीनदा निघाली. अर्ज एकच आला, कोल्बीच्या प्रचारात फलक लावणाऱ्या माणसाचा. त्याला नेमलं. मी त्याला कुलपांच्या किल्ल्या दाखवत होते, तेव्हा त्याने विचारलं, "मतं मोजतात ती खोली कुठली?"