आरे नावाची परिचारिका आणि खोडलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. एका दवाखान्याच्या कचेरीत माझी उभी हयात गेली. कारखान्यातून आलो तेव्हा मी काळाभोर आणि चकचकीत होतो. माझ्या टायपिस्टबाई रोज सकाळी माझ्या कळा ब्रशने झाडायच्या आणि म्हणायच्या, "चल रे गड्या, कामाला लागू." स्वस्थ बसणे त्यांना ठाऊक नव्हते. हात माझ्यावर असले, तरी पाय टेबलाखाली सारखे हलायचे. त्यांच्या हाताखाली मीही तसाच चुळबुळ्या झालो.

आमच्याकडे एक परिचारिका होती. तिचे आडनाव आरे. इंग्रजीत ते ए, आर, ई असे लिहायचे. झाली की पंचाईत! त्या भाषेत हेच तर 'आहेत' या अर्थाचे क्रियापद. "आरे इज ऑन लीव्ह" असे कागदावर उमटले, की वाचणारा हमखास अडखळायचा. तिच्या सहा वर्षांच्या नोकरीत सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

पुढे तिला दुसऱ्या गावच्या मोठ्या दवाखान्यात जागा मिळाली. अनुभवाचा दाखला हवा होता. आमच्याकडे माणसाला आडनावानेच लिहायची रीत. बाईंनी मसुदा टाइप केला आणि ताप आला म्हणून त्या घरी गेल्या. नव्या हेडक्लार्कसाहेबांचा तो कामावरचा तिसराच दिवस. मसुदा वाचून त्यांनी कपाळाला हात लावला. "एका वाक्यात दोन-दोन क्रियापदं? शोभतं का हे?" त्यांनी लाल पेनाने प्रत्येक 'आरे' खोडला, त्या जागी 'शी', म्हणजे 'ती', लिहिले आणि दोन बोटांनी माझ्यावर नवा दाखला बडवला. मला सगळे कळत होते. पण यंत्राला कुठे तोंड असते? सही झाली, लखोटा बंद झाला, आणि मी आतल्या आत तडफडत राहिलो.

दहा दिवसांनी परिचारिका धावतपळत आली. तोवर बाई बऱ्या होऊन कामावर आल्या होत्या.

"बाई, दाखला परत पाठवला त्यांनी! म्हणतात, ही 'ती' म्हणजे कोण? उद्या दुपारपर्यंत नाही दिला, तर जागा दुसरीला जाणार."

हेडक्लार्कसाहेब ओशाळले, पण हट्ट सोडवेना. "स्पेलिंगमध्ये आणखी एक ए घाला. प्रश्नच मिटला."

"आणि माझ्या शाळेच्या, परीक्षेच्या कागदांवर वेगळंच आडनाव? मग ती बाई कोण, हेही विचारतील ते."

"पण हे वाक्य कानाला खटकतं हो!"

"साहेब, तुमच्या कानाला तीन दिवस खटकेल. मी जन्मापासून ऐकतेय."

बाई फिसकन हसल्या. त्यांनी माझ्यात कोरा कागद सारला. पहिल्या ओळीत परिचारिकेचे, तिच्या वडिलांचे नाव आणि आडनाव, असे तिन्ही ठळक अक्षरांत टाइप केले. पुढे प्रत्येक वाक्यात 'आरे'च्या आधी 'नर्स' हा शब्द घातला. एरवी अधूनमधून अडणारी, कागद सरकवणारी माझी गाडी त्या दिवशी एकदाही अडली नाही. हेडक्लार्कसाहेबांनी दाखला दोनदा वाचला. 'इज'पाशी त्यांचे पेन थबकले. मग त्यांनी ते खिशाला लावले आणि स्वतः उठून मोठ्या डॉक्टरांची सही आणून दिली. "चूक माझीच झाली, सिस्टर," ते एवढेच म्हणाले. महिन्याभराने बाईंना तिचे पत्र आले: वेळेत पोहोचले, रुजू झाले.

पुढे संगणक आला आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. बाईही निवृत्त झाल्या. आता माझी शाईची फीत वाळली आहे, कळांत धूळ बसली आहे. शेजारच्या खोलीत संगणकाच्या कळा पुटपुटतात आणि माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. तिथे आत्ता कुणाचे नाव कुणी सुधारून तर टाकत नसेल?

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण एखादे आडनाव चुकले आहे असे वाटले, तर ते खोडण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा.