डावखुरी बाई

"यादीत इथं 'अज्ञात' लिहिलंय. म्हणजे कोण?" फरशीकाकांनी विचारलं.

"म्हणजे ज्यानं हे केलं त्याचा पत्ता नाही," चित्रकला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

"पत्ता आहे की. पुढची गल्ली, लॉन्ड्रीच्या वर, दुसरा मजला."

शहरात कुणी ढुंकूनही बघत नाही अशा चित्रांची, खिडक्यांच्या जाळ्यांची, पुतळ्यांची नोंद करत ही हौशी मंडळी दर रविवारी हिंडायची. आज पंपघराच्या भिंतीची पाळी होती. अर्ध्या शहराच्या न्हाणीघरांत फरशा बसवून गुडघे झिजवलेले काका सकाळी सातपासूनच इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीपाशी येरझाऱ्या घालत होते. यादी उद्या छापायला जाणार होती. एकदा 'अज्ञात' छापलं की कायमचं अज्ञात, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना.

भिंतीवर फुटक्या फरशांच्या तुकड्यांची, पेल्यानं पाणी पिणारी बाई होती. तीस वर्षं लोक तिला सायकली टेकवत आले होते.

"पेला मुद्दाम डाव्या हातात दिलाय," मॅडम म्हणाल्या. "आमची यावर दोन तास चर्चा झाली. रूढीला नकार आहे तो."

काकांना हसू आवरेना. "कसला नकार हो, चूक आहे ती. आधी कागदावर चित्र काढतात. त्यावर तुकडे पालथे चिकटवायचे, चकाकी कागदाकडे. मग अख्खा कागद ओल्या सिमेंटवर दाबायचा. वाळलं की कागद भिजवून सोलायचा. चित्र आरशातल्यासारखं उलटं उमटतं, म्हणून मुळात उलटं काढावं लागतं. मी बायकोला समोर बसवलं आणि तिच्याकडे बघता बघता विसरलो."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"'ही कुठली सवत आणलीत?' म्हणाली. तिचा तीळ डाव्या गालावर, हिचा उजव्या. चार दिवस अबोला. नंतर मात्र इथून जाताना उजव्या गालाला काजळाचा ठिपका लावायची. म्हणायची, आता जुळलं."

मॅडम हसल्या, पण पेन घुटमळलं. "काका, पुरावा काही?"

"तो तीळ बघा. एवढा बारीक काळा तुकडा मिळेना, म्हणून तिच्या स्वेटरचं बटण बसवलं."

मंडळींसोबत फोटो काढायला आलेली एक नर्स लगेच स्टुलावर चढली. तिनं रुमालानं धूळ पुसली, नखानं चाचपलं. "चार भोकं आहेत. बटणच आहे."

मग एकच गलका झाला. कुणी काकांचा हात हलवत होतं, कुणी पाठ थोपटत होतं. मॅडमनी 'अज्ञात'वर काट मारून नाव लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं. काका लग्नातल्या नवरदेवासारखे लाजत उभे होते.

तेवढ्यात नर्सनं भिंतीचा फोटो काढला, फोनमध्ये आरशासारखा डावा-उजवा उलटवला आणि त्यांच्यापुढे धरला. पेला उजव्या हातात. तीळ डाव्या गालावर. तीन वर्षांपूर्वी गेलेली बायको समोर बसली होती, त्या दिवशी बसली होती तशी.

काकांचे डोळे भरून आले.

"यादीत हाच घालू या का?" नर्सनं हळूच विचारलं.

"नको. भिंतीवर आहे तसंच जाऊ दे, चुकीसकट. हा मला द्या."

"आणि चित्राचं नाव?" मॅडमनी विचारलं.

"लोक डावखुरी बाई म्हणतात, तेच लिहा." काका भिंतीकडे वळले. "खाली बारीक अक्षरात लिहा, ती उजव्या हातानं पाणी प्यायची."