एका खाचेच्या पुंगळ्या

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तूवेने शंभर मीटरवरून तीन गोळ्या झाडल्या. बिर्यरने कागद काढून आणला आणि त्यावर जुनं पाच क्रोनरचं नाणं ठेवलं. तिन्ही भोकं नाण्याखाली गेली. बिर्यर हा गावच्या शिकारी टोळीचा प्रमुख, उगाच कौतुक करणारा माणूस नव्हे. त्याने नाणं उचललं, पुन्हा ठेवलं आणि विचारलं, "बटाटेफेकीतून?"

नऊ पूर्णांक तीन बाय सत्तावन्न या काडतुसाचं हे गावातलं नाव. गोळी जाड आणि चालीला संथ, फेकलेल्या बटाट्यासारखी. शंभर पावलांत मूस, ते घोड्याएवढं हरीण, आला तर एका गोळीत बसवते, त्यापलीकडे कोणी तिच्या नादी लागत नाही. दुकानात हे काडतूस क्वचित मिळतं, म्हणून झाडलेल्या पितळी पुंगळीत नवी दारू आणि गोळी घालून ते घरीच भरावं लागतं. गावात या काडतुसाच्या दोनच रायफली उरल्या होत्या. दोन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या. एक एव्हर्टची, जी तो गेल्यावर या वसंतात त्याच्या मुलीकडे, तूवेकडे आली. दुसरी सिक्स्टन हेडलोफची.

तूवेनंतर सिक्स्टनची पाळी होती. त्याचा कागद आला तेव्हा बिर्यरने नाणं खिशात टाकलं.

"बशी आणा," टोळीतला रूबेन म्हणाला.

"कपासकट आण," सिक्स्टन म्हणाला आणि सगळ्यांबरोबर हसला. ते हसू त्याच्या जबड्यात घरी जाईपर्यंत दुखत राहिलं.

सिक्स्टन सहासष्ट वर्षांचा होता. चौतीस वर्षं त्याने लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावली होती. केसाएवढा फरक त्याला बोटांनी कळायचा. तीस वर्षं आपल्या तळघरातल्या टेबलावर तो स्वतःची आणि एव्हर्टचीही काडतुसं भरत आला होता. दर गुरुवारी एव्हर्ट कॉफीला यायचा आणि जाताना डबा घेऊन जायचा. एव्हर्टने एकेचाळीस मूस मारले, सगळे एकेका गोळीत. लोक एव्हर्टच्या हाताचं नाव घ्यायचे. सिक्स्टनने मात्र मनात प्रत्येक मूसातला अर्धा स्वतःच्या नावे ठेवला होता.

आणि आता ही पोरगी. चौतीस वर्षांची, आरोग्य केंद्रात नर्स, गेल्या हिवाळ्यापर्यंत काडतूस भरायचं यंत्र जिने कधी हातात धरलं नव्हतं. लहानपणी ती त्याला सिक्स्टनकाका म्हणायची. टोळीत आल्यापासून नुसतं सिक्स्टन. टोळीत सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, त्यात वावगं काही नव्हतं. तरी त्याने ते लक्षात ठेवलं होतं.

कागद गोळा झाल्यावर बिर्यर म्हणाला, "एव्हर्टच्या दगडाचं ठरवायला हवं."

दलदलीच्या काठचा तो दगड म्हणजे टोळीतलं सगळ्यात चांगलं ठाणं. कुत्र्याने उठवलेला मूस दहातून सहा वेळा तिथूनच निघतो. सिक्स्टन तीस वर्षं शेजारच्या टेकाडावर बसून त्या दगडाकडून येणारे बार ऐकत आला होता.

"माझा नंबर आपोआप लागतो, असं मला वाटलं होतं," तो म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं होतं," बिर्यर म्हणाला. "नाणं ठेवेपर्यंत. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार, तू आणि तूवे, तीन-तीन गोळ्या. ज्याची भोकं एकमेकांना जवळ, त्याचा दगड."

पुढच्या मंगळवारी सिक्स्टन तूवेकडे गेला. कधीकाळी एव्हर्टकडून आणलेलं एक पितळी नरसाळं परत करायचं निमित्त होतं. स्वयंपाकघरात खिडकीपाशी तिने टेबल मांडलं होतं. दाबयंत्र, तराजू, दारूचा डबा, सगळं औषधाच्या कपाटासारखं नीट. शेजारी वही. अक्षर इतकं सुबक की त्याला ते बघवेना.

"बाबांच्या वहीवरून सुरुवात केली," ती म्हणाली. "मग थोडं थोडं बदलत गेले. तू कॉफी घेशील ना?"

"एव्हर्टची वही?" सिक्स्टनने विचारलं. "त्याला कसली वही?"

"होती एक. साखर नाही ना घालत तू?" ती कॉफी ओतायला शेगडीकडे वळली.

लाकडी खोक्यात वीस काडतुसं उभी होती. सिक्स्टनने आयुष्यात कोणाची वस्तू उचलली नव्हती. ही तीन त्याने अशी खिशात टाकली, जणू स्वतःचीच घरी नेतो आहे. मग दालचिनीचे दोन पाव खाल्ले, ओव्हनची आच थोडी जास्त झाली असं सांगितलं, आणि निघाला.

रविवारी सकाळी त्याने तळघरात एक काडतूस उकललं. गोळी त्याच्याच वजनाची, दारू त्याच्याच डब्यातली वाटावी अशी. फक्त कमी. तो भरत असे त्याहून बरीच कमी. "एवढंच होय," तो स्वतःशी म्हणाला. त्याच मापाने दहा काडतुसं भरून तो खडीच्या खाणीत गेला आणि घोंगडी अंथरून आडवा झाला. दहा गोळ्यांनंतर कागद बघितला. बशी पुरली नसती, ताट लागलं असतं.

मग त्याने तूवेचं दुसरं काडतूस रायफलीत सारलं. बोल्ट पुढे गेला आणि शेवटच्या बोटभर अंतरावर अडला. जोर लावला तरी बसेना. त्याने ते बाहेर काढलं, तिसरं घातलं. तेही अडलं.

तीस वर्षं पितळ हाताळणाऱ्याला यापुढे सांगावं लागत नाही. बार होताना पुंगळी फुगते आणि ज्या रायफलीत फुटली तिच्या पोटाचा आकार घेते. नंतर तिची नुसती मान दाबून पुन्हा भरली, तर ती त्या रायफलीत हातमोज्यासारखी बसते. दुसऱ्या रायफलीत शिरतच नाही. ही काडतुसं एव्हर्टच्या रायफलीची झाली होती. सिक्स्टन मात्र नेहमी पुंगळी सबंध साच्यात घालून आवळायचा, म्हणजे ती दोन्ही रायफलींत जाईल. एक डबा, दोन रायफली, हा त्याचाच नियम. मैत्रीत वाटणी कशाला, असं तो म्हणायचा. खरं कारण त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं: एव्हर्टकडे आपल्याहून सरस काडतूस असावं, हे त्याला चालणारं नव्हतं.

त्याने पुंगळीचं बूड उजेडात धरलं, आणि तिथे त्याला खाच दिसली.

ती त्याचीच होती. पुंगळी दरवेळी भरताना तो बुडाच्या कडेला कानशीने एक बारीक खाच पाडायचा. पाच खाचा झाल्या की पुंगळी भंगारात. हिला एकच खाच होती. दुसरीलाही एक, उकललेलीलाही एक. म्हणजे या पुंगळ्या त्याच्या टेबलावरून एकदा गेल्या होत्या आणि परत आल्या नव्हत्या.

वीस दिल्या तर एव्हर्ट चौदा परत आणायचा. "पडल्या रे शेवाळात," म्हणायचा. टोळीत त्यावरून थट्टा चालायची की एव्हर्ट दलदलीत पितळ पेरतो आहे. सिक्स्टनही हसायचा.

शेवाळात काही पडलं नव्हतं. एव्हर्ट त्या घरी नेत होता, नुसती मान दाबून स्वतःच्या मापाने भरत होता, आणि वहीत लिहीत होता. मग एकेचाळीसांतले अर्धे कुठे गेले? सिक्स्टनने घोंगडी गुंडाळली. मेलेल्या माणसावर चिडून काही होत नाही, हे त्याला कळत होतं. तो तरीही चिडला.

सप्टेंबरभर त्याने काम केलं. वीस कोऱ्या पुंगळ्या घेतल्या, आपल्याच रायफलीत झाडल्या, साचा वर चढवून नुसत्या माना दाबल्या. दारू थोडी थोडी बदलत नेली, गोळी किती आत बसवायची ते पुन्हा मोजलं. कागदावरची भोकं बशीतून कपात आली आणि कपातून नाण्यात. त्याच्या रायफलीला हे तीस वर्षं जमण्याजोगं होतं. एकच पुंगळी दोन्ही रायफलींच्या गळ्यात मारण्याचा हट्ट सोडला असता, तर केव्हाच जमलं असतं.

शेवटच्या शनिवारी बिर्यरने मापपट्टी लावली. तूवे एकवीस मिलिमीटर. सिक्स्टन अठरा.

"म्हातारा चावतो अजून," रूबेन म्हणाला.

तूवेने हात पुढे केला. "छान मारलंस. काय बदललंस?"

"काही नाही," सिक्स्टन म्हणाला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, उजाडताना, तो एव्हर्टच्या दगडावर जाऊन बसला. तूवेला टेकाड मिळालं होतं. कुत्री लांब पूर्वेकडे होती, बिर्यर वॉकीटॉकीवर अधूनमधून तिची दिशा सांगत होता. दगड बसून बसून गुळगुळीत झालेला. सिक्स्टनने बुटाने शेवाळ उकरलं. काही नव्हतं. दगडाच्या उजव्या अंगाला, जिथे पुंगळी उडून पडते, तिथे थोडं आणखी उकरलं. तीस वर्षांत एक तरी खरोखर पडली असेल. एक जरी सापडली, तरी एव्हर्ट सबंध खोटं बोलत नव्हता असं धरता येईल.

वॉकीटॉकीत बिर्यर म्हणाला, "कुत्री वळली. दगडाकडे येतेय."

सिक्स्टनने ते ऐकलं. रायफल मांडीवर घ्यायला हवी होती. पण बोटांना काहीतरी कडक लागलं होतं. तो गुडघ्यावर बसला, दोन्ही हातांनी शेवाळ फाडलं आणि एक पुंगळी बाहेर काढली. हिरवी पडलेली, आत माती. त्याने अंगठ्याने बूड पुसलं. एक खाच.

मागे फांदी मोडली. तो वळला तेव्हा झाडांत मूसाचा राखाडी मागचा भाग तेवढा दिसला, आणि मग तोही नाही. मिनिटभराने टेकाडावरून एकच बार आला.

"सिक्स्टन," बिर्यर म्हणाला, "तुला दिसला होता का?"

"नाही."

दुपारी शेकोटीवर सॉसेज भाजत होते. बिर्यर माग बघून आला होता.

"तुझ्या दगडापासून वीस मीटर," तो म्हणाला. "वीस. तू करत काय होतास?"

"गुडघ्यांचे ठसे आहेत तिथे," रूबेन म्हणाला. "बटाटे वेचत होता."

हसणं ओसरलं, मूस ओढायला बाकीचे ट्रॅक्टरकडे गेले. तूवे थांबली. चाकू पुसत म्हणाली, "ऑगस्टपासून माझ्या खोक्यात तीन कमी आहेत."

सिक्स्टनने खिशात हात घातला आणि दोन काडतुसं ओंडक्यावर ठेवली. "एक उकललं."

"मागितलं असतंस तर वही दिली असती."

"म्हणून तर नाही मागितलं."

ती काडतुसं खिशात टाकत म्हणाली, "तुझी काडतुसं बाबा खाणीत झाडायचे. सरावाला. मूसाला स्वतःची."

"सगळ्या एकेचाळीसांना?"

"मी काय मोजायला होते? म्हणायचे, सिक्स्टनला कळलं तर तो भरायचं बंद करेल. मग गुरुवारी जायचं कुठे?"

सिक्स्टनने आगीत एक ढलपी सारली. आजचा मूस तिचा, वही तिची, आणि तीस वर्षांचे गुरुवार कशासाठी होते, हेही त्याच्याआधी तिलाच ठाऊक.

"एका खाचेच्या किती आहेत तुझ्याकडे?" त्याने विचारलं.

"मोजल्या नाहीत. दीडशेच्या वर." ती त्याच्या दुसऱ्या मुठीकडे बघत होती. "ते काय आहे?"

त्याने मूठ उघडली. तिने ती हिरवी पुंगळी उचलली, बूड पाहिलं, नखाने खाच चाचपली आणि सवयीने स्वतःच्या खिशाकडे नेली.

"ती नाही," सिक्स्टन म्हणाला आणि हात पुढे केला. "ती खरंच पडली होती. ती माझी आहे."